ऑटो ड्रेसरची स्लाइड अडकते, स्क्रीन मात्र बरोबर आकडा दाखवते

प्रति,
सेवा विभाग प्रमुख यांस

विषय : सिलिंड्रिकल ग्राइंडरवर बसवलेल्या ऑटोमॅटिक व्हील ड्रेसिंग युनिटमधील दोष व युनिट बदलून मिळण्याबाबत

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये आपल्या कंपनीचं ऑटो ड्रेसिंग युनिट, म्हणजे बोथट झालेलं ग्राइंडिंग व्हील डायमंडने खरवडून आपोआप पुन्हा धारदार करणारं युनिट, बसवलेलं आहे. वॉरंटी चालू आहे. फोनवर आणि ई-मेलवर सगळं सांगून झालं, पण दर वेळी उत्तर एकच येतं : व्हील बदलून बघा, ऑपरेटरला सेटिंग नीट करायला सांगा. म्हणून आता सविस्तर लेखी कळवतो आहे. दोष व्हीलचा नाही आणि ऑपरेटरचाही नाही. ड्रेसरची इनफीड स्लाइड, म्हणजे डायमंडला व्हीलकडे आत सरकवणारा भाग, अडकते.

आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारे दांडे) जॉबवर्कवर ग्राइंड करतो. हार्डन केलेला 20 मिमी व्यासाचा जॉब, टॉलरन्स 8 मायक्रॉन, म्हणजे 0.008 मिमी. जॉब जाड राहिला तर परत मशीनवर चढवता येतो, बारीक झाला की थेट भंगार. आमच्याकडे येईपर्यंत त्या तुकड्यावर टर्निंग, स्लॉट आणि हीट ट्रीटमेंटची मजुरी चढलेली असते आणि माल गिऱ्हाइकाचा असतो. आम्हाला ग्राइंडिंगचे जेवढे पैसे मिळतात त्याच्या कितीतरी पट रकमेची डेबिट नोट एका भंगार स्पूलमागे येते. आपलं युनिट जॉब बारीकच करतं, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

असं का होतं ते सांगतो. आम्ही 30 जॉबला एक ड्रेसिंग लावलं आहे. प्रत्येक ड्रेसिंगला डायमंड 0.02 मिमी आत जायला हवा. व्हीलची त्रिज्या तेवढी कमी होते आणि व्हील धरणारं व्हीलहेड जॉबकडे तेवढंच पुढे येऊन ती भरपाई करतं. हिशेब सरळ आहे. पण स्लाइड अडकली की डायमंड आत जातच नाही. व्हील होतं तेवढंच राहतं, आणि व्हीलहेड मात्र ड्रेसिंग झालं असं धरून 0.02 पुढे येतं. व्यासावर ते दुप्पट, म्हणजे 0.04 मिमी लागतं. 8 मायक्रॉनच्या जॉबमध्ये 40 मायक्रॉनची चूक. शिवाय ड्रेसिंग न झालेलं व्हील गुळगुळीत पडलेलं असतं, ते कापायचं सोडून घासत बसतं आणि जॉबवर जळाल्याचे पट्टे उमटतात.

पुढच्या ड्रेसिंगला तीच स्लाइड झटक्याने सुटते आणि दोन्ही वेळचं मिळून 0.04 एकदम आत घुसते. आवाजावरूनच कळतं. डायमंडचं टोक उडतं ते या झटक्यात. डायमंड हलक्या प्रतीचा वापरता, असं आपल्या इंजिनिअरनी सांगितलं. डायमंड आपणच पुरवलेले आहेत.

हे अंदाजाने लिहीत नाही. स्पिंडल बंद ठेवून, मॅग्नेटिक बेसवर हालचाल मोजणारा डायल लावून आम्ही स्लाइडवर टेकवला आणि पॅनलवरून 10-10 मायक्रॉनचा इनफीड दिला. स्क्रीनवर 10, 20, 30 असे आकडे चढले, डायलचा काटा जागचा हलला नाही. चौथा इनफीड दिल्यावर काटा एकदम पस्तिशीच्या पुढे उडाला. हा प्रकार मोबाइलवर चित्रित केला आहे आणि पत्रासोबत पाठवत आहे. मोटरला किती पल्स दिले एवढंच स्क्रीन दाखवते. स्लाइड खरोखर किती सरकली हे मोजणारं या युनिटमध्ये काहीच नाही. स्केल नाही, साधा सेन्सरही नाही. मायक्रॉनची हमी देऊन विकलेल्या वस्तूत हे कसं चालतं, याचं उत्तर आपण द्यायला हवं.

स्लाइड अडकते कशाने, तेही पाहिलं. आपल्या इंजिनिअरसमोरच कव्हर काढलं होतं. कूलंटचा, म्हणजे गार ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, फवारा थेट ज्या बाजूला बसतो तिथे बेलोजची (स्लाइड झाकणाऱ्या घडीच्या कव्हरची) घडी फाटलेली, आणि आत गाइडवर राखाडी चिखल. बोटांत घेऊन चोळला तर खरखर लागते. व्हीलचे झडलेले कण, डायमंडने काढलेली धूळ आणि तेलकट पाणी. ड्रेसरचं कामच ही धूळ उडवण्याचं आहे, तेव्हा ती आत जाणार नाही याची सोय सगळ्यांत आधी हवी. गाइडला वायपर नाही, आत हवेचा दाब ठेवलेला नाही, आणि नोझल नेमका बेलोजवर धरलेला. नोझलची ही जागा आम्ही ठरवलेली नाही, आपल्याच माणसांनी बसवताना ठरवली.

कूलंटची आणखी एक गोष्ट. ड्रेसिंग सुरू होताना कूलंटचा व्हॉल्व्ह आणि ट्रॅव्हर्स (डायमंडला व्हीलच्या रुंदीवरून फिरवणारी चाल) यांना एकाच वेळी कमांड जाते. मधल्या वेळात पाइप रिकामा झालेला असतो, त्यामुळे पाणी पोचेपर्यंत डायमंड अर्ध्या व्हीलवरून कोरडाच फिरलेला असतो. मग तापलेल्या टोकावर एकदम गार पाणी. डायमंडला तडा जायला आणखी काय लागतं? आधी पाणी, मग डायमंड, हे ग्राइंडिंग शिकणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात.

सकाळी ट्रॅव्हर्सचं तेल गार असताना तो हळू चालतो आणि फिनिश चांगली येते, दुपारी तेल तापलं की तो धावतो आणि फिनिश खरबरीत होते. याचीही नोंद घ्यावी, पण मूळ तक्रार स्लाइडची आहे.

आता ऑपरेटरबद्दल. चिखल डोळ्यांनी पाहूनसुद्धा आपल्या इंजिनिअरनी सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं ते फक्त 'ऑपरेटरला ट्रेनिंगची गरज', आणि खाली आमच्या माणसाचं नाव. ते गृहस्थ खानापूरच्या बाजूचे. आयुष्य ग्राइंडिंगवर गेलेलं. शेजारच्या जुन्या मशीनवर टेलस्टॉकला लावलेल्या साध्या डायमंडने ते अजूनही हाताने ड्रेसिंग करतात, डायमंड व्हीलला टेकल्याचं कानाने ओळखतात. तिथे तेच 60 ग्रिटचं व्हील आहे, तेच कूलंट आहे आणि साइज चुकत नाही. रिपोर्ट वाचून ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून आपल्या युनिटला हात लावायला ते तयार नाहीत, आणि मी त्यांना आग्रह करणार नाही. तो शेरा मागे घेऊन दुरुस्त रिपोर्ट त्यांच्या नावाने पाठवावा. पैशांच्या आधी मला हे हवं आहे.

हे युनिट घेतलंच अशासाठी की त्यांच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत. येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीची पोरं आयटीआय करून येतात, हुशार असतात, पण तो कान तयार व्हायला वर्षं जातात आणि दुसरी पाळी तर आज चालवायची आहे. प्रत्येक ड्रेसिंग सारखं झालं तर नवीन पोरगाही चांगला माल काढेल, असं आपल्या विक्री प्रतिनिधींनी सांगितलं आणि ते मला पटलं. आजही पटतं. चांगलं ऑटो ड्रेसिंग आमच्यासारख्या छोट्या शॉपला तारू शकतं, म्हणूनच कर्ज काढून घेतलं. जॉब कोणता, टॉलरन्स किती, व्हील कोणतं, हे सगळं ऑर्डर देताना लेखी कळवलं होतं. कामाचा उपयोग सांगून, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे, असं वस्तू विक्री कायदा 1930 चं कलम 16 सांगतं.

फाटलेला बेलोज बदलून गाइड पुसून देतो, हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. फवारा तसाच राहिला तर पुढच्या पावसाळ्याआधी तेच होणार. इनफीड स्लाइड पूर्ण बदलून द्यावी, ती नीट सीलबंद असावी, आणि स्लाइडची खरी हालचाल मोजणारी सोय त्यात असावी, म्हणजे डायमंड आत गेला नसेल तर व्हीलहेड पुढे न येता मशीन थांबेल. कूलंटचा प्रवाह सुरू झाल्याशिवाय ट्रॅव्हर्स सुटू नये, यासाठी फ्लो स्विच लावावा. तुटलेले डायमंड बदलून मिळावेत. भंगार झालेल्या स्पूलच्या डेबिट नोटांच्या प्रती जोडल्या आहेत, त्यांची भरपाई मिळावी. नवीन युनिट बसवल्यावर आमच्यासमोर डायल लावून इनफीड तपासून द्यावा आणि ते आकडे रिपोर्टवर लिहावेत. यातलं काही जमणार नसेल तर युनिट परत न्यावं आणि पूर्ण रक्कम परत करावी.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर यावं. बसवायला माणसं पाठवाल ती गणेशोत्सवाच्या आधी पाठवा. त्या दिवसांत इथे कामगार सुट्टीवर असतात आणि मशीन दाखवायला कोणी नसेल. उत्तर आलं नाही तर उरलेला हप्ता रोखून धरून वकिलामार्फत नोटीस पाठवावी लागेल.

कळावे,

आपला,
ग्राइंडिंग शॉपचा मालक
उद्यमबाग, बेळगाव