वसंतरावांच्या सोप्या चाली

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

शाळेने नव्या प्रार्थनेला चाल लावायला सांगितली आहे आणि तू ते काम पुढे ढकलते आहेस, हे परवा तुझ्या बोलण्यावरून कळलं. "इतकी वर्षं राग घोटले ते काय प्रार्थनेला चाल लावायला?" असं तू म्हणालीस. फोनवर मी गप्प बसले, कारण मला जे सांगायचं आहे ते दोन वाक्यांत मावणारं नाही. मला संगीतकार वसंत देसाईंबद्दल सांगायचं आहे. त्यांची गाणी तुझ्या कानावर लहानपणापासून आहेत, पण त्यांनी काय काय केलं ते एका जागी ठेवून तू कधी पाहिलेलं नाहीस.

माणूस कोकणातला. कुडाळजवळच्या सोनवडे गावात १९१२ साली जन्म. दशावतार आणि भजन हे त्या मुलखाचं रोजचं संगीत. तिथून हा मुलगा कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेला तेव्हा बोलपट आलेले नव्हते. कंपनीत पडेल ते काम करायचं, मूकपटात एखादी छोटी भूमिका मिळाली तर तीही करायची. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये ते गायलेही. त्याच कंपनीत गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले, परळला त्यांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला आणि १९४३ च्या 'शकुंतला'ला वसंतरावांनी संगीत दिलं. म्हणजे संगीतकार म्हणून बस्तान बसेपर्यंत दहाएक वर्षं दुसऱ्यांच्या चाली बसवण्यात गेली. ही दहा वर्षं मला फार मोलाची वाटतात. कोणाच्या गळ्यात काय बसतं आणि काय बसत नाही, हे दुसऱ्याची चाल तिसऱ्याकडून गाऊन घेतानाच कळतं.

आता तुझ्या आवडीचं. १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे'. शीर्षकगीत अडाणा रागात, आणि गायला उस्ताद अमीर खाँ. विलंबित ख्यालाच्या त्या बादशहाला सिनेमाच्या गाण्यात आणायचं आणि ते गाणं त्यांच्या तोलाचं ठेवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तबल्याला सामताप्रसाद. तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर सिनेमात वाजलं तेही याच चित्रपटात. चार वर्षांनी 'गूँज उठी शहनाई' आला आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई घरोघर पोचली. त्यातलं 'तेरे सुर और मेरे गीत' तू बिहाग राग शिकत होतीस तेव्हा दिवसभर लावून ठेवायचीस. या दोन चित्रपटांवरून वसंतरावांना शास्त्रीय संगीताचे संगीतकार म्हणतात आणि तूही तेवढंच धरून बसली आहेस.

पण या दोन्हींच्या मध्ये, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ' आहे. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी आणि त्यांना माणसात आणू पाहणारा एक जेलर. त्या कैद्यांच्या तोंडी शोभेल अशी प्रार्थना हवी होती. भरत व्यासांचे शब्द, लताबाईंचा आवाज आणि कोरस. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' भैरवीच्या अंगाने जातं. भैरवी म्हटली की संगीतकाराला काय काय मोह होतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाराही स्वर हाताशी, मुरक्या घ्याव्यात, ठुमरीकडे झुकावं. वसंतरावांनी यातलं काही केलं नाही. ओळी आखूड ठेवल्या, प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा ठेवली. त्यामुळे कधी न गाणारा माणूसही ती ओळ पुरी म्हणू शकतो. मी शाळेत शिकवत असताना रोज सकाळी हे गाणं मुलांकडून म्हणवून घेतलं आहे. बेसूर मुलं, पेंगुळलेली मुलं, फुटलेल्या आवाजाची आठवीतली मुलं, सगळी त्यात सामावतात. एखादा सुराला सोडून गेला तरी गाणं मोडत नाही. अशी चाल सहज हातून घडते असं मला मुळीच वाटत नाही. अडाणा ज्याच्या हाडीमाशी आहे, त्याला यात कुठे थांबायचं ते कळलं, असं मला वाटतं.

'गुड्डी' (१९७१) तर तुझ्यासाठीच सांगते. वाणी जयराम ही हिंदी सिनेमाला नवी मुलगी. तिला वसंतरावांनी 'बोले रे पपीहरा' दिलं, मल्हाराचं, गळ्याची परीक्षा पाहणारं. आणि त्याच चित्रपटात त्याच गळ्याला 'हम को मन की शक्ति देना' ही शाळेतली प्रार्थना दिली. दोन्हीचे शब्द गुलजारांचे. आता ही दोन गाणी लागोपाठ ऐक, हेडफोन लावून. प्रार्थनेत वाणीबाईंनी आपली सगळी तयारी बाजूला ठेवली आहे आणि आवाज मुलांच्या ओळीत नेऊन उभा केला आहे. पहिलं ऐकून लोकांनी त्यांचं कौतुक केलं. दुसरं लोकांनी आपलं म्हणून घेतलं. ते कोणाचं आहे हेही आज कित्येक शाळांना माहीत नसेल. संगीतकाराचं नाव विसरलं जावं याचं मला वाईट वाटतं, पण गाणं असं पसरणं हे मी फार मोठं यश मानते.

मराठीत तर त्यांनी इतकं केलं आहे की कुठून सुरुवात करावी! 'अमर भूपाळी'त (१९५१) शाहीर होनाजीची 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आणि त्याचीच 'लटपट लटपट' ही लावणी. देवघर आणि फड एका चित्रपटात, आणि दोन्हीकडे चाल त्या त्या जागेची. भूपाळी लताबाई आणि पंडितराव नगरकरांची. आजीच्या तोंडी ती असायची तेव्हा सिनेमाचं गाणं म्हणतोय असं तिच्या मनातही येत नसे. 'श्यामची आई'तलं (१९५३) 'भरजरी गं पीतांबर' आणि 'छडी लागे छम छम', दोन्ही अत्र्यांची. एक ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्यावर वर्ग बाकं वाजवतो. नाटकांत 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर'. 'देव दीनाघरी धावला'मध्ये कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचं 'ऋणानुबंधाच्या', ज्यात कुमारजींसारखा गवई किती मऊ होऊन गातो बघ. आणि हेच वसंतराव १९६८ च्या 'आशीर्वाद'मध्ये अशोककुमारांकडून 'रेलगाडी' म्हणवून घेतात! तालावर शब्द धावतात, सूर अगदी नावाला. समोरचा माणूस जे करू शकतो ते ओळखून त्यातून गाणं काढायचं, हा त्यांचा खरा गुण मला वाटतो. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रसंघात 'मैत्रीं भजत' गायलं, त्याचीही चाल वसंतरावांची. कर्नाटक परंपरेतल्या एवढ्या मोठ्या गायिकेसाठी सोनवड्याच्या या माणसाने संस्कृत प्रार्थना बांधली आणि ती त्यांच्या गळ्यात जन्मापासून असल्यासारखी वाटते.

२२ डिसेंबर १९७५ रोजी, दिवसभर ध्वनिमुद्रण करून घरी परतल्यावर, इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. त्रेसष्ट वर्षांचं वय. मला अजून ही गोष्ट नीट वाचवत नाही.

तर तुझ्या प्रार्थनेबद्दल. राग कोणताही घे, त्यात मी पडणार नाही. पट्टी मात्र तुझ्या गळ्याची धरू नकोस. बहुतेक शाळांत बाई स्वतःच्या सोयीच्या सुरात सुरू करतात आणि वरच्या ओळीला अर्धी मुलं गप्प होतात. सगळी चाल शक्यतो एका सप्तकाच्या आत ठेव, तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, एखाद्या वेळी शिवलीस तर चालेल, तिथे टिकून राहायला लावू नकोस. जोडाक्षर असलेल्या शब्दावर तान तर सोड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी साधी मींडही ठेवू नकोस, कारण पहिलीची मुलं तिथे हमखास अडखळतात. प्रत्येक ओळ आधी स्वतः पेटीशिवाय, चालता चालता म्हणून बघ. श्वास कमी पडला तर ओळ तोड. कवितेला धक्का लागत असेल तर कवीला विचार, लाजू नकोस.

पहिला खर्डा झाला की मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, नुसता आवाज, वाद्यं नकोत. गल्लीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे पाढे म्हणायला येतात, त्यांच्याकडून म्हणवून घेते आणि कुठे अडतात ते ओळीसकट तुला कळवते.

तुझी,
आई