चिनू, आंघोळ तू घाल

चिनू,

काल फोनवर किती घाबरला होतास रे, बाळाचं वजन जन्मापेक्षा कमी भरलं म्हणून. अरे पहिल्या आठवड्यात बहुतेक बाळांचं थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, तुझंही असंच झालं होतं आणि तुझी आजी रोज मला अळिवाची खीर पाजत होती, दूध वाढावं म्हणून. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं, शी-शू नीट होतेय ना बघायचं, बाकी डॉक्टर सांगतील तसं.

आता संध्याकाळी रडायला लागेल बघ. दीड महिन्याच्या आसपास जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. तू दिवेलागणीला जो सूर लावायचास ना, आख्खी चाळ विचारायला यायची, कुणी म्हणे दृष्ट काढा, कुणी म्हणे पोटात वारा धरलाय, आणि बाबा तुला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घालायचे. त्यांना दुपटं बांधता यायचं नाही पण ढेकर काढायला त्यांच्यासारखं कुणी नाही, हे मी आजही मान्य करते.

जुनं सगळं टाकू नकोस आणि सगळं धरूही नकोस. तेल लावून मालिश, मऊ सुती झबली-टोपरी, साडीची झोळी (तू जवळ असशील तेव्हाच), हे चालू दे. पण डोळ्यात काजळ नको, सहाणेवर उगाळलेली गुटी नको, मध तर वर्षभर अजिबात नको, आणि सहा महिन्यांपर्यंत उन्हाळा असला तरी वरून पाणी नको, दुधातच सगळं मिळतं. मेघनाची आई गुटी म्हणालीच तर वाद घालू नकोस, डॉक्टरांसमोरच विचार, ते सांगतील, तू कशाला वाईट होतोस.

लसीचं कार्ड जपून ठेव. तुझ्या वेळी ट्रिपलचं (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांचं) इंजेक्शन दिलं की रात्रभर ताप, मांडी सुजलेली. 1995 ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा तू सव्वा वर्षाचा, बूथवर डोस घेतलास आणि करंगळीला शाई लावली तर तीच तोंडात घातलीस. 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी टीव्हीवर बघताना मला तेच आठवत होतं.

खरं काम रांगायला लागल्यावर आहे. मग बसून जेवणं विसरा. तू चप्पल चाटलीस, कुंडीतली माती खाल्लीस, आणि दोन वर्षांचा असताना नाकात चिंचोका घालून बसलास, सर्दी का जात नाही म्हणून दाखवलं तर डॉक्टरांनी चिमट्याने काढला आणि मलाच विचारतात, हा कुठून आला! म्हणून अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं लहानपणी द्यायचीच नाहीत, चिरून कुटून द्यायची. मग प्रत्येक गोष्टीला "नाई" सुरू होतं. तू वरणभात भिंतीला फासायचास. मी ओरडायचे, मग पुसायचे, मग तू हसलास की मीही हसायचे.

मला तेव्हा बाळंतपणाची 12 आठवडेच रजा होती, 2017 पासून मेघनासारख्यांना 26 आठवडे मिळते हे बरं झालं. तुम्हा पोरांना खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, तुला आठवडाभर दिलीये म्हणतोस, तर ती पाहुण्यांना चहा देण्यात घालवू नकोस. रात्री मेघनाने पाजलं की पुढचं सगळं तू कर, ढेकर, लंगोट, झोपवणं, नाहीतर त्या पोरीला सलग दोन तास झोप मिळायची नाही. आणि पायावर घेऊन आंघोळ घालायला शिक. पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर, मान नीट धरायची, पाणी कोपराने बघायचं, कानात जाऊ द्यायचं नाही. बाबांना कुणी शिकवलंच नाही, बायकांचं काम म्हणून आजीने जवळ येऊ दिलं नाही, त्यांना ती इच्छा होती, मला नंतर कळलं.

नाळ पडली की सुरू कर. रविवारी व्हिडिओ कॉल लाव, मेघनाच्या आईला सांग कॅमेरा धरायला. बाबापण बसतील बघायला.

आई