घटनादुरुस्तीतलं ते एक कलम आता तरी लागू करा

माननीय केंद्रीय गृहमंत्री,
सादर नमस्कार.

२०२४ मध्ये आपल्या सरकारने २५ जून हा, १९७५ च्या आणीबाणीची आठवण म्हणून, ‘संविधान हत्या दिवस’ जाहीर केला. नागपूरकरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इथल्या मध्यवर्ती कारागृहात तेव्हा डांबलेले मिसाबंदी (विनाखटला कैदेच्या ‘मिसा’ कायद्याखालचे कैदी) आणि त्यांची कुटुंबं आजही शहरात आहेत. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही, अशी ती कैद होती. त्या बंद्यांचे अर्ज ऐकता येतात, असं आमच्या नागपूर खंडपीठानेही म्हटलं होतं. त्याविरुद्ध सरकार अपिलात गेलं. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे दार बंद केलं. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना होते, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं.

हे पुन्हा घडू नये म्हणून संसदेने १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती केली. आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, ही तरतूद तिच्यातूनच आली. तिची बहुतेक कलमं १९७९ मध्ये लागू झाली. कलम ३ मात्र आजतागायत लागू झालेलं नाही.

त्यात काय आहे? आज घटनेनुसार कोणालाही सल्लागार मंडळाच्या (कैद योग्य आहे का ते तपासणाऱ्या मंडळाच्या) मताशिवाय तीन महिने स्थानबद्ध, म्हणजे विनाखटला कैदेत, ठेवता येतं. कलम ३ ही मुदत दोन महिन्यांवर आणतं. शिवाय मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावं आणि अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्तीच असावा, असं बंधन घालतं. आज मंडळ सरकार नेमतं. ज्याने आत टाकलं, त्यानेच नेमलेल्या मंडळापुढे आपली बाजू मांडायची, तीही वकिलाशिवाय. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात तर मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मी फौजदारी वकिली करतो. एमपीडीए या धोकादायक ठरवलेल्या व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचे आदेश नेहमी वाचनात येतात. गोपनीय साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’ यांचे जबाब, जुने गुन्हे, आणि पुष्कळदा त्या गुन्ह्यांत न्यायालयाने जामीन दिलेला. हा कायदा वर्षभर कैद ठेवू देतो. हेबियस कॉर्पसची (बेकायदा कैदेतून सुटकेसाठीची) याचिका मंजूर होते तोवर त्यातले कित्येक महिने संपलेले असतात. वस्तीतला दादा आत गेला की लोकांना हायसं वाटतं, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं त्यांना मोकळं सोडा असं नाही. गुन्हा असेल तर खटला चालवा, शिक्षा मिळवा. पुरावा गोळा करण्याचे कष्ट टाळण्यासाठी स्थानबद्धता वापरली जाते, याची मला चीड आहे.

अमेरिकेत २०११ च्या अखेरीस संरक्षण खर्चाच्या कायद्यातून विनाखटला लष्करी कैदेची तरतूद आली, तेव्हा ती आपल्याच नागरिकांवर उलटेल म्हणून तिथे मोठा वाद झाला. आपल्याकडे अफ्स्पा, म्हणजे अशांत प्रदेशात लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदासुद्धा, लष्कराला सांगतो की पकडलेला माणूस विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. मग चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे. घटनेच्या अनुच्छेद २२(३) मुळे नागपुरातल्या स्थानबद्धाला मात्र हे संरक्षण मिळत नाही. अशांत प्रदेशात लष्कराने पकडलेल्याला जे मिळतं, ते शांत शहरातल्या माणसाला का मिळू नये?

कलम ३ लागू करायला नवं विधेयक लागत नाही, दोन तृतीयांश बहुमत लागत नाही. संसदेने ते केव्हाच मंजूर केलंय. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची, एवढंच बाकी आहे. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्याचं नाकारलं आणि निर्णय सरकारवर सोपवला. तेव्हापासून सगळ्या पक्षांची सरकारं आली आणि गेली. त्यांपैकी काहींचे मंत्री स्वतः मिसाखाली तुरुंगात राहिलेले होते.

पुढच्या २५ जूनपूर्वी ही अधिसूचना काढावी. काढायची नसेल, तर का नाही, ते संसदेत उभं राहून सांगावं.

आपला,
नागपूरचा एक वकील