मूत्रपिंडविकार झालेल्या मुलांच्या त्रासाकडेही पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मार्चमधील दुसऱ्या गुरुवारी येणाऱ्या जागतिक मूत्रपिंड दिनाच्या निमित्ताने मधुमेह, उच्च रक्तदाब, डायलिसिस आणि अवयवदान यांविषयी बरेच लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. मात्र याच आजाराने ग्रासलेल्या मुलांना रोज काय सोसावे लागते, याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. मुलांच्या डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून काम करत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मोठ्यांपेक्षा मुलांमधील कारणे वेगळी असतात. कित्येकांची मूत्रपिंडे जन्मतःच नीट वाढलेली नसतात, तर काहींच्या मूत्रमार्गात जन्मजात अडथळा असतो आणि लघवी तुंबून मूत्रपिंडांचे नुकसान होत राहते. त्यामुळे अशा घरांत आजार बाळाबरोबरच येतो. प्रत्यारोपणाने मुलाचे आयुष्य पुष्कळ सुधारते यात शंका नाही. परंतु रोपण केलेले मूत्रपिंड जन्मभर पुरेलच असे नसते आणि तारुण्यात पुन्हा डायलिसिसकडे वळावे लागू शकते. दुसरीकडे, डायलिसिसवर असलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण त्यांच्या वयाच्या इतर मुलांच्या निदान ३० पट असते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो.

हे सगळे ठाऊक असूनही पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि इतर त्रास कमी करून जगणे सुसह्य करणाऱ्या सेवेचा, विषय निघतो तो उपाय थकल्यावरच आणि मग आईवडिलांना त्याचा एकच अर्थ ऐकू येतो, की डॉक्टरांनी हात टेकले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच स्पष्ट केले आहे की मुलांसाठी ही सेवा निदान झाल्यापासून सुरू व्हावी आणि मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, ती चालू राहावी. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलाचाही या सेवेवर तितकाच हक्क आहे आणि तो त्याला आजच मिळायला हवा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

तहानेचेच पाहा. ज्या मुलाला लघवी जवळजवळ होतच नाही, त्याला दिवसभराचे पाणी मोजून मिळते. दात घासताना ते चूळ भरते आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यातले थोडे गिळून टाकते. पुढच्या डायलिसिसच्या वेळी काट्यावर वजन जास्त भरले, की त्या मुलाची नजर आपोआप आईकडे जाते, कारण आता रागावणी होणार हे त्याला माहीत असते. मग ते जादा पाणी साधारण चार तासांत काढताना पायात गोळे येतात, रक्तदाब उतरतो आणि घरी गेल्यावर उरलेला दिवस झोपण्यात जातो. आहारातील मीठ कमी करणे, चघळायला बर्फाचे तुकडे देणे, ओठ व तोंड ओलसर ठेवणे अशा साध्या उपायांनी ही तहान बरीच सुसह्य होते, पण त्यासाठी आधी कोणीतरी तहानेची चौकशी करायला हवी. खाजेचेही तसेच आहे. रात्रभर खाजवून हातापायांवर ओरखडे उठलेल्या मुलाच्या कागदांवर क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस यांचे आकडे तारीखवार असतात, त्याची झोप मात्र कुठेच नोंदलेली नसते.

वेदनाशमनासाठी तर विशेष जाणकारी लागते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उरलीसुरली मूत्रपिंडे आणखी बिघडवू शकतात. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक अशा रुग्णांत साचत जातात आणि गुंगी, झटके असे परिणाम दिसू लागतात. फेंटानिलसारखी अधिक सुरक्षित औषधे आहेत, परंतु ती निवडून मात्रा ठरवण्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञ आणि पॅलिएटिव्ह केअरचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसायला हवे. मुलाला ‘थोडे सहन कर’ म्हणून सांगणे हा उपचार नव्हे.

काही मुलांच्या बाबतीत, विशेषतः इतरही गंभीर व्यंगे असतील तेव्हा, डायलिसिस सुरू न करण्याचा किंवा थांबवण्याचा प्रश्न उभा राहतो. थांबवल्यानंतर हाती बहुधा काही दिवसच असतात, फार तर थोडे आठवडे. त्या काळात धाप, मळमळ, अस्वस्थता आटोक्यात ठेवता येते आणि पुष्कळदा मूल घरी आपल्या माणसांत राहू शकते. पण ही चर्चा अतिदक्षता विभागाच्या दारात, अनोळखी डॉक्टरांशी पहिल्यांदाच होत असेल, तर आईवडिलांना धड प्रश्नही विचारता येत नाहीत. वर्षानुवर्षे ओळखीच्या झालेल्या चमूशी ती टप्प्याटप्प्याने व्हावी आणि मुलालाही वयानुसार तीत बोलू द्यावे. आपल्या आजाराची त्याला बहुधा मोठ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त कल्पना असते.

डायलिसिसच्या तक्त्यात खाज, झोप, तहान आणि वेदना यांचे चार रकाने वाढवायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही. डायलिसिस विभागांनी ते वाढवावेत, पालकांनीही तसा आग्रह धरावा आणि आपल्या वृत्तपत्राने पुढच्या मूत्रपिंड दिनाला या मुलांसाठी जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका