माणिकडोहच्या डॉक्टरांना, उसाच्या बांधावरून

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमचं शेत तुमच्या लक्षात असेलच असं नाही. तोडीच्या हंगामात तुम्ही असे किती बांध तुडवत असाल! नारायणगावच्या अलीकडे, कॅनॉलला लागून दोन एकर आडसाली ऊस. पंधरा महिने उभा असलेला, आत शिरलं की दिवसा अंधार. टोळीतल्या एका बाईला पाचटात बिबट्याची तीन पिल्लं दिसली आणि तिने कोयता वरच्या वर थांबवला. खरं तर पहिले आभार तिचे मानायला हवेत. तिचं स्वतःचं दीड वर्षाचं पोर त्याच फडाच्या कडेला साडीच्या झोळीत निजलं होतं, तरी ती ओरडली नाही की पळाली नाही. आधी पोर उचललं, मग आम्हाला हाक मारली.

तुम्ही माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पोचेपर्यंत तासभर गेला असेल. तेवढ्यात निम्मं गाव जमलं. पोरांना पिल्लं मांडीवर घेऊन फोटो हवे होते. कुणी म्हणे दूध पाजा, कुणी म्हणे ट्रॉलीत घाला आणि घाटात सोडून या. वनरक्षक सगळ्यांना मागे रेटून रेटून दमले होते. तुम्ही आलात आणि एक शब्द न बोलता सरळ पिल्लांपाशी बसलात. हातमोजे घातले, पोटं चाचपली, गोचिड्या काढल्या, शेपटीजवळ चिप बसवली. तिन्ही धडधाकट, तीनेक आठवड्यांची. मग मला विचारलंत, "ताई, टोमॅटोचं एखादं कॅरेट आहे का?" आमच्याकडे काय, कॅरेटांना तोटा नाही!

संध्याकाळी त्याच जागी, त्याच पाचटावर पिल्लं घालून ते कॅरेट ठेवलंत. आईला पंजाने सहज लवंडता येईल असं. बाजूला कॅमेरा लावलात आणि माणसं पार लांब नेलीत. मुकादम कुरकुरत होता. गाडी रिकामी उभी राहील, खाडा कोण भरून देणार, म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. त्याच्याशी तुम्ही अर्धा तास बोललात आणि तोड फडाच्या दुसऱ्या टोकाला वळवलीत.

पण मी हे पत्र लिहितेय ते आमच्या सासूबाईंमुळे. त्यांनी सगळ्यांच्या देखत तुम्हाला विचारलं होतं, "यांची पिल्लं जपता, मग आमच्या लेकरांचं काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या जुन्नर तालुक्यात हा प्रश्न उगाच कुणी विचारत नाही. ज्यांच्या अंगणातून मूल गेलंय त्या घरांना निसर्गाचा समतोल सांगून भागत नाही. तुम्ही तसलं काही सांगितलंच नाहीत. म्हणालात, "आजी, राग बरोबर आहे तुमचा. पण पिल्लं मी नेली तर त्यांची आई आज रात्रीपासून याच शिवारात त्यांना हुडकत फिरेल. मला हवंय ते आईने पिल्लं घेऊन गुपचूप इथून निघून जाणं." सासूबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून की दमल्या म्हणून, ते अजून सांगत नाहीत.

नंतर तुम्ही ओट्यावर बसून जे सांगितलंत तेही माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात जगू शकत नाही, त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो. आणि पकडून लांब सोडणं म्हणजे सुटका नव्हे. २००१ ते २००३ मध्ये आपल्याकडे माणसांवरचे हल्ले एकदम वाढले, तेव्हा पकडलेले बिबटे दुसरीकडच्या रानात नेऊन सोडत होते, आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने या दोन्हींचा संबंध दाखवला. आम्ही इतकी वर्षं "घेऊन जा, लांब सोडा" म्हणून वनखात्याशी भांडत होतो. धरणं झाली, कुकडीचं पाणी आलं, ऊस आला आणि त्या उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. त्याचं घर लांब नाहीच, इथेच आहे, आमच्या पाटाच्या पाण्यावर. हे मला आवडत नाही, पण कळलं.

पहिल्या रात्री पिल्लांची आई आलीच नाही. सकाळी गावात हसू झालं. तुम्ही पिल्लांना तपासलंत, सांभाळलंत आणि संध्याकाळी परत तिथेच ठेवलंत. दुसऱ्या रात्री आम्ही सगळे दारं लावून घरात, आणि तुम्ही थंडीत जीपमध्ये. पहाटे माझ्या ह्यांना बोलावून कॅमेऱ्यातलं दाखवलंत. ती आली, कॅरेटभोवती फिरली, लवंडलं, एकाला मानगुटीला धरून गेली. पुन्हा आली, दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी मात्र बराच वेळ नाही. ह्यांनी मला सांगितलं, तिसरं नेईपर्यंत डॉक्टरांनी चहाच्या कपाला तोंड लावलं नव्हतं.

आता घरी कोंबड्या आणि शेळ्या रात्री जाळीच्या गोठ्यात असतात. अंधारात एकटं शेताकडे कुणी जात नाही, पाणी धरायला जातानाही मोबाईलवर गाणी मोठ्याने लावतात, त्याचा मला बिबट्यापेक्षा जास्त ताप आहे. यंदाच्या टोळीच्या खोप्या फडापासून लांब, गोठ्याच्या बाजूला दिव्याखाली घालून दिल्या. हे आम्ही आधीच करायला हवं होतं.

निघताना तुम्ही आमच्या विहिरीत डोकावून म्हणाला होतात, "कठडा बांधा, रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्या पडतो." बांधायला घेतलाय. तीन बाजू झाल्या. चौथी उसाचं बिल हातात पडल्यावर.

तुमची,
कॅरेटवाली ताई