सर्दी आहे म्हणून परत पाठवलंत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

जुलैतला तो दिवस तुमच्या लक्षातही नसेल. सिंहगड रोडच्या गर्दीतून, भर पावसात रिक्षाने आम्ही लेकीच्या दाढेसाठी तुमच्या दातांच्या दवाखान्यात पोचलो. भीती कमी करणारा लाफिंग गॅस देऊन तुम्ही उपचार करणार होतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तुम्ही लेकीला नाकाने श्वास घ्यायला लावलंत आणि म्हणालात, "आज नको. नाक चोंदलंय, गॅस नीट आत जाणार नाही, उगाच घाबरेल ती. सर्दी गेली की या." मला राग आला होता, खरं सांगते. आज त्याच नकाराचे आभार मानायला बसले आहे.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तिघांनी हातपाय दाबून धरून तिची दाढ भरली होती. सात वर्षांची पोर. नंतर कितीतरी दिवस ब्रश पाहूनही रडायची.

पुन्हा आलो तेव्हा सासरे सोबत होते. लाफिंग गॅस म्हटल्यावर त्यांना एकच घोर, पोर शुद्धीवर येईल ना? तुम्ही त्यांच्याशेजारी बसून सांगितलंत, की ती जागीच राहणार, बोलणार. हा गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजनमध्ये मिसळूनच देतात, मशीन ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाही, आणि साध्या हवेत तो असतो २१ टक्के. १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने या गॅसवर स्वतःचाच दात काढून घेतला होता, हे ऐकल्यावर तर त्यांची भीती पळाली.

मग नाकावर तो छोटा मास्क. दोन-तीन मिनिटांत तिच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. इंजेक्शन मात्र द्यावंच लागेल, हे तुम्ही तिच्यापासून लपवलं नाहीत. "डावा हात वर केलास की मी थांबणार," म्हणालात. मध्येच तिने हात वर केला आणि तुम्ही खरंच थांबलात! पायाला मुंग्या येताहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. सांगून तिने आपणहून तोंड उघडलं. मी दारात उभी होते, मला रडू आवरेना.

शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिलात आणि ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली.

हल्ली घरी ती धाकट्या भावाचे दात तपासते. त्याने हात वर केला की थांबते.

दुसरी दाढ डिसेंबरात दाखवायची आहे. सर्दी असेल तर निघण्याआधीच फोन करेन.

तुमची ऋणी,
एक आई