मामाने पाहिलेल्या बाटल्या

लाइपझिग, जर्मनी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर मामा मध्ये बोलतो आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे. जेवतो. वजन कमी झालेलं नाही, कॅमेऱ्यात तसं दिसतं.

तर, मी बाटल्या वेचत नाही. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे मामाला ज्या दोन पिशव्या दिसल्या, त्या आमच्या स्वयंपाकघरातल्या. चौघांत एक स्वयंपाकघर आहे, महिनाभराच्या बाटल्या साठतात, आणि त्या दुकानात नेऊन द्यायची पाळी या वेळी माझी होती. ‘पोरगं तिकडं भंगार गोळा करतंय’ हे त्याने गल्लीभर केलं असेल, तर पुढचंही त्यालाच सांगायला लावा.

इथे पाण्याची किंवा थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट जास्त द्यावे लागतात. म्हणजे आपले पंचवीस रुपये धरा. याला ‘प्फांड’ म्हणतात. रिकामी बाटली परत दिली की पैसे परत. बाबा, तुमच्या वेळी सोड्याच्या बाटलीला डिपॉझिट असायचं ना, तेच. फक्त इथे २००३ पासून कायद्याने आहे आणि दुकानदाराच्या जागी यंत्र आहे. भिंतीत एक गोल तोंड. बाटली आडवी, बूड पुढे करून आत सरकवायची. यंत्र ती गरागरा फिरवून लेबलावरच्या रेघा वाचतं, मग गिळतं, आणि मागे कडाकड चुरडल्याचा आवाज येतो. आपण आधी चुरगळायची नाही आणि लेबल फाडायचं नाही, नाहीतर ती परत बाहेर. पहिल्या खेपेला माझी एक बाटली तीनदा बाहेर आली. मागे ही रांग! शेवटी एका आजींनी ती माझ्या हातातून घेतली, तोंडाने फुंकून फुगवली, लेबल तळव्याने सपाट केलं आणि आत घातली. गेली! शेवटी बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दिली की तेवढं बिलातून वजा. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंटच मिळतात. (त्या बाटल्या इतरांच्या.)

वेचणारे लोक आहेत, खोटं कशाला सांगू. बरेचसे म्हातारे. रात्री बॅटरी घेऊन कचरापेट्यांत बघत फिरतात. म्हणून इथले लोक बाटली पेटीत टाकत नाहीत, बाहेर कडेला उभी करून ठेवतात, कुणाला आत हात घालायला लागू नये म्हणून. मीही तसंच करतो. रस्त्यावरची मात्र मी एकही उचललेली नाही.

आणि आता मी बाटल्या विकत घेतच नाही. नळाचं पाणी पितो. आई, इथे नळाचं पाणी पिण्याचंच असतं, पोटाचं काही होत नाही. बाजाराला आजीने शिवलेली पँटच्या कापडाची पिशवी नेतो. भाजी मात्र तुझ्यासारखी सुटी मिळेलच असं नाही, थंडीत काकडीसुद्धा एकेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असते. हे लोक फार पुढे गेलेत असं मामाला वाटत असेल, तर त्याला ती काकडी दाखवायला हवी.

एक गंमत. दुधाच्या पिशवीचं टोक तू पूर्ण कापत नाहीस, लटकतं ठेवतेस, आणि आम्ही कापलं की ओरडायचीस. इथे गेल्या वर्षापासून युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण बाटलीलाच जोडलेलं ठेवायचा नियम झालाय. पिताना नाकाला लागतं. सगळे वैतागतात, मला तू आठवतेस. मित्र यायचे असले की मी तुझी ती धुतलेल्या पिशव्यांची दोरी काढायला लावायचो. आता माझ्या खिडकीत ब्रेडच्या पिशव्या चिमट्याला लावलेल्या असतात. तुझ्या चिवड्याच्या पार्सलमधल्या, एकात एक घातलेल्या पाचही पिशव्या आहेत. प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकायच्या होत्या, पण त्यांना अजून वास आहे.

आता पैशांचं. बाबा, डिसेंबरचा कर्जाचा हप्ता मी भरतो म्हणालो होतो. तो या वेळी तुम्हीच भरा. कामाचे तास थोडे कमी केलेत, जानेवारीत वाढतील, मॅनेजर चांगला आहे. काळजीचं काही नाही.

ताईच्या लग्नाचं तिकीट बघितलं. फेब्रुवारीत परीक्षा आहे, आणि परीक्षा नसती तरी भाव बघून बंद केलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्ही सांगू नका, मी सांगतो. मांडवात पाण्याच्या त्या छोट्या बाटल्या तेवढ्या ठेवू नका. दोन घोट पिऊन लोक टाकून देतात. जार भाड्याने आणा आणि हॉलचे स्टीलचे पेले मागून घ्या. यायला जमत नाही आणि तिकडून हुकूम सोडतो, असं बाबा म्हणणार, माहीत आहे.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बंड्या

ता. क. वर ‘एकही उचललेली नाही’ असं लिहिलंय. एक उचलली होती, गेल्या महिनाअखेरीस, ट्रॅमच्या थांब्यावर. खिशातल्या चिठ्ठीला दुधासाठी तेवढेच कमी पडत होते. मामाला सांगू नका.